कंबर धरली म्हणून ट्रामाडॉल? आधी हे बघा
ऑक्टोबर छाटणी आली की आपल्या नाशिककडं कंबर धरतेच, मग घरात उरलेली ट्रामाडॉलची स्ट्रिप शोधायची, तर तसं करू नका राव, ती ओपिऑइड आहे (अफूसारखं काम करणारी, सवय लावणारी दुखण्याची गोळी), २०१८ पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात. अमेरिकेतल्या 'स्पेस' नावाच्या ट्रायलमध्ये (औषधांच्या चाचणीत) २४० जणांना वर्षभर बघितलं, जुनाट कंबर-गुडघेदुखीला ओपिऑइडनं जास्त फायदा नाही, साइड इफेक्ट मात्र जास्त.
आधी शेक घ्या, झेपेल तेवढं चालत राहा (आजी म्हणते पडून राहा, ते चूक), फिजिओकडं जा. आयबुप्रोफेन (दुखण्याची गोळी, ओपिऑइड नाही) बीपी, किडनीवाल्यांनी डॉक्टरला विचारूनच.
डॉक्टरनं ट्रामाडॉल दिलीच तर फिट्स येत असतील किंवा डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर ते सांगा, दारू-झोपेची गोळी बंद, गुंगीत ट्रॅक्टर नको, आणि रोज घेत असाल तर एकदम सोडू नका. पाय बधिर पडला, लघवी अडली तर लगेच हॉस्पिटल.