इस्त्री-मिक्सरची वायर तुटली? चिकटपट्टी ठेवा बाजूला

वायर बहुतेक वेळा दोनच ठिकाणी तुटते: थ्री-पिन टॉपच्या मानेशी, नाहीतर उपकरणात शिरते तिथे. रोजच्या वाकण्याने आतली तांब्याची एकेक तार तुटत जाते, बाहेरचं कव्हर मात्र धडधाकट दिसतं. उरलेल्या चार तारांवर सगळा करंट आला की तिथे वायर तापते आणि कव्हर मऊ पडतं. म्हणून वरून पट्टी गुंडाळून काही साधत नाही. खराब तुकडा कापून टाकायचा आणि पुढची चांगली वायर नव्याने जोडायची.

आधी टॉप सॉकेटमधून बाहेर काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही. जुन्या घरात कधीकधी बटण न्यूट्रलवर (करंट परत नेणाऱ्या तारेवर) असतं आणि फेज (करंट आणणारी तार) तसाच आत पोचलेला असतो.

तुटलं कुठे ते मल्टिमीटरने कळतं. इस्त्रीचा नॉब सगळ्यात गरम खुणेपर्यंत फिरवा आणि टॉपच्या दोन बारीक पिनांमध्ये ओहम (विजेला होणारा अडथळा) मोजा. 1000 वॉटच्या इस्त्रीला 53 च्या आसपास, 750 वॉटला 70 च्या आसपास आकडा यायला हवा. मीटर लावलेला ठेवून वायर इंचाइंचाने वाकवत जा. आकडा उडाला की जागा सापडली. मिक्सरला बटण चालू ठेवून मोजावं. मोटरच्या गुंडाळीमुळे आकडा बराच कमी येतो, तो शॉर्ट समजू नका.

टॉपजवळ तुटलं असेल तर मानेपासून साधारण 10 सेंटीमीटर मागे कापा. कापलेला जुना टॉप टाकण्याआधी पक्कडीने त्याच्या पिना वाकवा. तोच तुकडा एखाद्या पोराने सॉकेटमध्ये घातला तर उघड्या तारांत करंट येतो. आता कापलेलं टोक बघा. तांबं चकचकीत हवं. काळं-हिरवं दिसलं तर आणखी मागे कापा. कोल्हापुरातल्या 2019 आणि 2021 च्या पुरात भिजलेल्या वस्तूंच्या वायरी कापताना हे विशेष बघावं, कारण पाणी तारांच्या फटींतून कव्हरच्या आत बरंच वर चढतं. काळं तांबं संपतच नसेल तर वायरच बदला. मधोमध उंदराने कुरतडलेली किंवा इस्त्री टेकून भाजलेली वायरही अख्खीच बदलायची. मधला जोड कडक होतो, त्याच्या शेजारी पुन्हा तुटतं, आणि चिकटपट्टीचा गोंद उन्हाळ्यात पातळ होऊन पट्टी सरकते.

लक्ष्मीपुरीत असो की राजारामपुरीत, दुकानात वॉट सांगून वायर मागा. मिक्सर आणि 1000 वॉटपर्यंतच्या इस्त्रीला 0.75 चौरस मिलिमीटर पुरते, 2000 वॉटच्या किटलीला 1.5 घ्या आणि टॉपही 16 अँपिअरचा. जुने दुकानदार अजून ‘तेवीस शहात्तर’, ‘चाळीस शहात्तर’ म्हणतात. पहिला आकडा तारांचा, दुसरा त्यांच्या जाडीचा. पीव्हीसी वायरवर आयएस 694 आणि टॉपवर आयएस 1293 हे भारतीय मानकाचे क्रमांक छापलेले बघून घ्या. इस्त्रीला सुती वेष्टणाचीच वायर लावा. साधी पीव्हीसी 70 अंशांपर्यंतची असते, गरम तव्याला टेकली की वितळते.

जोडताना बाहेरचं कव्हर 3 सेंटीमीटर सोला, आतलं 8 मिलिमीटर. आतली एकही तार कापली जाऊ देऊ नका. तपकिरी (जुन्या वायरीत लाल) फेज, म्हणजे टॉपमधली एल खूण. निळी (जुनी काळी) एन. हिरवी-पिवळी ई, म्हणजे वरच्या जाड पिनेला. हिरवी वायर इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे ओढाताण झाली तर अर्थिंग शेवटी सुटेल. तारा पिळून स्क्रूभोवती घड्याळाच्या दिशेने गुंडाळा. उलट्या दिशेने गुंडाळल्या तर स्क्रू आवळताना त्या बाहेर ढकलल्या जातात. टोकाला शिसं (सोल्डर) लावून मग स्क्रूखाली घालायची सवय चुकीची आहे. दाबाखाली शिसं हळूहळू चेपतं, स्क्रू सैल पडतो आणि टॉप जळतो. टॉपमधला वायर आवळून धरणारा क्लॅम्प बाहेरच्या कव्हरवर बसला पाहिजे, आतल्या रंगीत वायरींवर नव्हे.

उपकरणाच्या बाजूला काम तेच, पण उघडण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. इस्त्रीतल्या वायरींवरच्या पांढऱ्या उष्णतारोधक नळ्या जपून परत चढवा. मिक्सरच्या तळातला, वायर जिथून आत जाते तो रबरी बुश फाटला असेल तर तोही बदला. वाटणाला रोज मिक्सर ओढणाऱ्या घरात वायर तिथेच तुटते.

मायक्रोवेव्ह उघडू नका. त्यातला वीज साठवणारा कपॅसिटर टॉप काढल्यावरही जीवघेणा असतो. पाणी तापवायच्या रॉडची वायर गेली तर रॉडच टाकून द्या.

चालू करण्याआधी मीटर पुन्हा लावा. जाड पिन ते धातूची बॉडी: 1 ओहमच्या आत. बारीक पिना ते बॉडी: सर्वात मोठ्या रेंजवरही काहीच आकडा नको. इलेक्ट्रिशियन वापरतात तो सिरीज बल्ब (उपकरणाच्या मार्गातच जोडलेला चाचणीचा बल्ब) इस्त्रीला फसवा ठरतो. इस्त्री चांगली असली तरी 100 वॉटचा बल्ब शॉर्ट असल्यासारखा जवळजवळ पूर्ण पेटतो. मग इस्त्री 10 मिनिटं चालवा, बंद करा, टॉप काढून पिनांना हात लावा. कोमट ठीक, चटका बसला तर आतला स्क्रू सैल आहे, नाहीतर सॉकेटच्या पट्ट्या ढिल्या झाल्यात. जुन्या टॉपच्या पिना काळ्या पडल्या होत्या तर बहुधा सॉकेटच्या ढिल्या पट्ट्याच कारण असतात, आणि तेव्हा सॉकेटही बदलावा लागतो.