एफ १.२ ची लेन्स: डोळ्यावर धरलेला फोकस कानावर का जातो

५० एमएम एफ १.२ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितकं प्रकाश आत सोडणारं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं) हातात आली की जो तो सांगतो, "थोडी बंद करून वापर, २ ला, २.८ ला सगळं शार्प येतं." या सल्ल्याने माझे किती फोटो वाया गेलेत, म्हणून हे लिहितोय.

सोपं आधी उरकू. भर उन्हात १.२ ला, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर ठेवूनही १/८००० सेकंदाचं शटर पुरत नाही, फोटो पांढरा पडतो, म्हणून ३ स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश आठपट कमी करणारी गडद काच) लावा. शटर एवढं वेगात असेल तेव्हा इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरच्या पहिल्या पडद्याचं काम सेन्सरकडून करून घेणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर मागचे प्रकाशाचे गोळे कापल्यासारखे दिसतात.

फोकस लॉक करून मग फ्रेम हलवायची सवय सोडा. फुल फ्रेमवर (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर) १ मीटरवरून जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर शार्प मिळतं, त्यात कॅमेरा १५ अंश वळवला की फोकस साधारण साडेतीन सेंटिमीटर मागे जातो, म्हणजे डोळा गेलाच. फोकस पॉइंटच डोळ्यावर न्या.

आता खरी अडचण, फोकस शिफ्ट. एका पोर्ट्रेटच्या कामात माझे १.२ चे फोटो स्वच्छ आले आणि २ आणि २.८ चे सगळे मऊ, डोळे गेलेले पण कानाजवळचा केस न् केस मोजता येईल असा. मी लेन्स दुरुस्तीला दिली, ती "काही दोष नाही" म्हणून परत आली, आणि खरंच दोष नव्हता. अशा बऱ्याच लेन्समध्ये काचेच्या कडेने येणारे किरण मधल्या किरणांपेक्षा थोडे अलीकडे एकत्र येतात, अ‍ॅपर्चर बंद केलं की कडेचे किरण अडतात आणि फोकस मागे सरकतो. डीएसएलआर (आरसा असलेला कॅमेरा) फोकस करतो तो अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, त्यामुळे त्याला हे कळतच नाही. मायक्रो अ‍ॅडजस्टमेंटने (कॅमेऱ्यातूनच ऑटोफोकस थोडा पुढेमागे जुळवण्याने) हे जातं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, २ ला जुळवलं की १.२ बिघडतं!

आपली लेन्स किती सरकते ते स्वतः तपासा. कॅमेरा ट्रायपॉडवर, समोर तिरकी ठेवलेली मोजपट्टी, आणि अंतर तेच जिथून तुम्ही नेहमी फोटो काढता. १.२ ला एका आकड्यावर फोकस करून ऑटोफोकस बंद करा, मग फोकस रिंगला हात न लावता १.२, १.४, २, २.८, ४, ५.६ असे फोटो काढा. मोठे करून बघा, शार्प आकडा मागे मागे जाताना दिसेल. रंगसुद्धा सांगतात, फोकसच्या पुढच्या कडा जांभळट आणि मागच्या हिरवट दिसतात, म्हणून पापणीला जांभळी कड आली तर फोकस मागे गेलाय हे मी मोजपट्टीशिवायही ओळखतो.

इलाज एकच, ज्या अ‍ॅपर्चरला फोटो काढायचा त्याच अ‍ॅपर्चरला लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) मोठा करून फोकस करा. घाई असेल तर सरळ १.२ ला काढा नाहीतर ५.६ ला, कारण ५.६ ला बहुतेक वेळा शार्प भागाची खोली एवढी वाढते की सरकलेला फोकस तिच्यातच राहतो. माझ्या लेन्सला २ ते २.८ सगळ्यात वाईट, तेवढे दोन आकडे मी लेन्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलेत.