कॉल्पोस्कोपीला जायच्या आधी जुनी फाइल शोधा

पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) ॲबनॉर्मल आला की आपल्याकडे बडोद्यात दांडिया बाजार ते अलकापुरी सगळ्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात, कोणी म्हणतं पिशवीच काढून टाक एकदाची. थांबा जरा. नुसत्या पॅपवर पिशवी काढायचा निर्णय होत नसतो, आधी रिस्क बघतात, आणि ती एका रिपोर्टवरून ठरत नाही, म्हणून पहिलं काम म्हणजे कपाटावरची फाइल खाली काढून मागचे सगळे पॅप, एचपीव्ही (पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करू शकणारा व्हायरस), बायोप्सीचे (तुकडा काढून केलेल्या तपासणीचे) कागद तारखेनुसार लावणं आणि कोपऱ्यावर त्यांची झेरॉक्स काढणं.

एवढा आग्रह का, तर अमेरिकेतल्या 2019 च्या गाइडलाइनमध्ये हिशोबच तसा आहे. गंभीर बदल, म्हणजे सीआयएन 3 (कॅन्सरच्या आधीची सगळ्यात पुढची पायरी) किंवा पुढचं काही आत्ता असण्याची शक्यता 4 टक्के किंवा जास्त निघाली की कॉल्पोस्कोपी, म्हणजे पिशवीचं तोंड भिंगातून मोठं करून बघणं. समजा आता एलसिल (पॅपमधला सौम्य बदल) आणि एचपीव्ही पॉझिटिव्ह आलंय, जुनं काहीच माहीत नाही, तर तुम्ही त्या रेषेच्या जरा वर, पण मागच्या 5 वर्षांत एचपीव्ही निगेटिव्ह आल्याचा कागद असेल तर रिस्क साधारण निम्मी होते आणि वर्षाने परत टेस्ट केली तरी चालतं. नुसता जुना पॅप नॉर्मल असेल तर ही सूट नाही हां. आणि एचपीव्ही 16 किंवा 18 निघाला तर पॅप नॉर्मल असला तरी कॉल्पोस्कोपी करतातच, कारण पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी 70 टक्क्यांच्या आसपास या दोघांमुळे. आपले डॉक्टर थोडं वेगळं सांगतील, तेव्हा का ते बिनधास्त विचारा.

मग बाकीचं. शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवा, भरपूर ब्लीडिंगच्या दिवसांतली अपॉइंटमेंट फोन करून बदलून घ्या. आदल्या एक-दोन दिवसांत संबंध नको, आत गोळी-क्रीम नको, आतून धुणं तर नकोच. दिवस राहिले असण्याची शंका असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, आयोडिनची ॲलर्जी असेल, एचआयव्ही असेल किंवा किडनी बदललीय म्हणून इम्युनिटी दाबायची औषधं चालू असतील तर आधीच सांगायचं. सिगारेट ओढत असाल तर तेही, सासूबाई बरोबर असतील तर त्यांना बाहेर बसवून सांगा!

आत काय होतं? स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा धरायचं साधन) लावून पिशवीच्या तोंडावर व्हिनेगरसारखं पाणी लावतात, थोडं झोंबतं, जिथे पांढरं उमटतं तिथला कणभर तुकडा घेतात, चिमटा बसतो. म्हणून सैल सलवार घाला आणि पर्समध्ये पॅड टाका, टॅम्पॉन नाही. नंतर काही दिवस कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट जातं, ते रक्त थांबवायला लावलेल्या औषधाचं असतं, घाबरू नका. पण पॅड भराभर भिजायला लागलं, ताप आला किंवा घाण वास आला तर लगेच फोन. आणि बायोप्सीचा रिपोर्ट कधी, कोणाकडून घ्यायचा हे काउंटरवर विचारूनच निघा.