‘करूलास’चं ‘करतोस’ होऊ नये म्हणून

बेळगावच्या वडगावात माझं टायपिंगचं आणि डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं लावायचं, दुकान आहे. मागच्या भिंतीला लागूनच पॉवरलूम, त्यामुळे दिवसभर खटखट. हिवाळा लागला की येळ्ळूर, कडोली, उचगाव, बेळगुंदी, सांबरा अशा गावांच्या मराठी साहित्य संमेलनांची कामं येतात. “ताई, स्मरणिकेत घालायचंय, एवढं भाषण टाइप करून द्या की,” म्हणून कोणीतरी मोबाइल पुढं करतं. पूर्वी तासाभराच्या भाषणाला माझा अख्खा दिवस जायचा. थोडं ऐकायचं, थांबवायचं, टाइप करायचं, परत मागं जायचं. आता ऐकण्याचं काम कॉम्प्युटरवर सोपवते. ते कसं करायचं ते सांगते, आणि आपल्या बेळगावी बोलीतल्या ‘करूलास’चं पुस्तकी ‘करतोस’ करून तो कुठं फसवतो तेही.

पहिलं काम मांडवात. लोक खुर्चीवर बसून कर्ण्यातून येणारा आवाज मोबाइलवर घेतात. त्यात भाषण कमी आणि घुमणंच जास्त. त्यापेक्षा साउंडवाल्याला आधी भेटा. त्याच्या मिक्सरला पेनड्राइव्ह लावून रेकॉर्ड करायची सोय असली तर वक्त्याचा आवाज थेट माइकवरून मिळतो. घुमणं नाही, मागच्या पोरांचा कालवाही नाही. तशी सोय नसेल तर फोन पोडियमवर, वक्त्यापासून वीतभर ठेवा. मोकळ्या जागेत तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं पडतो; पंख्याचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. फोन लाकडावर तसाच ठेवू नका, खाली रुमाल घाला. पोडियमवर हात आपटणारे वक्ते आपल्याकडं कमी नाहीत.

घरी आज्जीच्या ओव्या घ्यायच्या असतील तर कॉलरला लावायचा साधा माइक पुरतो. फक्त पदर त्यावर घासणार नाही असा लावा. खानापूरकडच्या पावसात पत्र्याखाली बसून रेकॉर्डिंग करू नका. पावसाचा आवाज कमी-जास्त होत राहतो, तो मागाहून नीट काढता येत नाही. मी एकदा तसं केलं, आणि दोन महिन्यांनी, पाऊस उघडल्यावर, त्याच ओव्या परत म्हणायला लावल्या. आज्जी वैतागल्या.

आवाजाची पातळीही बघा. रेकॉर्डिंग ॲपमधली पट्टी टोकाला टेकू देऊ नका. सगळ्यात मोठ्या आवाजालाही वर 6 डेसिबलची जागा मोकळी राहावी. डिजिटल आवाज म्हणजे आकडे: सेकंदाला हजारो वेळा आवाज मोजायचा आणि प्रत्येक माप लिहून ठेवायचं. 16 बिटमध्ये एका मापाला 65,536 पायऱ्या असतात. शेवटच्या पायरीच्या वर गेलेला आवाज कापलाच जातो, आणि कापलेला परत येत नाही. हळू आलेला आवाज वाढवता तरी येतो.

दर सेकंदाला किती मापं घ्यायची, यावरून दुकानात बराच वाद होतो. सीडीला 44,100 लागतात. बोलणं ओळखायला 16,000 पुरतात, कारण मापांच्या निम्म्यापर्यंतचे सूर पकडता येतात आणि बोलण्यातलं कामाचं बहुतेक सगळं 8,000 हर्ट्झच्या आत बसतं. जुन्या पद्धतीच्या फोन कॉलमध्ये 8,000च मापं असतात. म्हणजे 4,000 हर्ट्झच्या वरचं गायब, आणि ‘स’ची शीळ तिथंच असते. म्हणून कॉलवर घेतलेली मुलाखत आणू नका. व्हॉट्सॲपचं माइकचं बटण दाबून बोललेलंही नको. तो आवाज फार दाबून साठवलेला असतो. फोनच्या रेकॉर्डरवर घ्या आणि फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. 16 बिटची, एका वाहिनीची, 16,000 मापांची डब्ल्यूएव्ही फाइल तासाला साधारण 115 एमबी होते. आजच्या पेनड्राइव्हला ते काहीच नाही.

फाइल आली की ऑडासिटीत उघडते. फुकटचं सॉफ्टवेअर, पण काम नेटकं. 80 हर्ट्झच्या खालचं कापते, म्हणजे विजेची 50 हर्ट्झची घूं जाते. नुसत्या गोंगाटाचा एखादा सेकंद निवडून नॉइज रिडक्शन, म्हणजे गोंगाट कमी करायची सोय, देते, पण अगदी थोडं. जास्त दिलं की माणूस हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येतो, आणि कॉम्प्युटर जास्तच चुकतो. पंख्याच्या एकसारख्या आवाजावर हे चालतं. मागाच्या खटखटीवर नाही, कारण ती बोलण्यासारखीच तुटक येते. (हे भिंतीपलीकडच्या अण्णांना सांगून बघितलं. हसले.)

आता टायपिंग. मी व्हिस्पर वापरते, म्हणजे बोलणं ऐकून लिहून देणारं सॉफ्टवेअर. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआय कंपनीनं ते सप्टेंबर 2022 मध्ये खुलं केलं. सबटायटल एडिट या फुकट प्रोग्रॅममधून ते चालतं, आणि मॉडेल, म्हणजे ऐकून ओळखायला शिकलेली त्याची फाइल, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. लहान मॉडेलला मराठी फारसं जमत नाही, मीडियम किंवा लार्ज घ्या. जुन्या कॉम्प्युटरवर रात्री लावून झोपा. इंग्रजीत भाषांतर करायची खूण मात्र काढलेली असू दे.

आणि भाषा स्वतः निवडा, मराठी. हे विसरलात तर व्हिस्पर पहिले 30 सेकंद ऐकून भाषा ठरवतं. आपल्या भागात अध्यक्ष सुरुवातीला दोन वाक्यं कन्नडमध्ये बोलतात, पाहुण्यांचं स्वागत म्हणून. माझ्या एका फाइलचं तेच झालं. सकाळी बघते तर पाऊण तासाचं मराठी भाषण कन्नड लिपीत! आता भाषा निवडतेच, वर सुरुवातीचं स्वागत कापून वेगळं ठेवते. ते हातानं टाइप होतं.

यापुढचं खरं काम. गावांची नावं चुकलेली लगेच दिसतात. ‘येळ्ळूर’चं ‘वेल्लोर’ झालं तर कोणालाही कळतं. धोका वेगळाच आहे. आज्जी म्हणाल्या, “काय करूलास रे?” आणि स्क्रीनवर आलं, “काय करतोस रे?” शुद्ध, नीटनेटकं आणि चूक. कॉम्प्युटरनं पुस्तकी मराठी जास्त ऐकलेली असते, म्हणून आपलं क्रियापद तो गुपचूप बदलतो, आणि वाचताना खटकत नाही म्हणून ते निसटतं. त्यामुळे नुसतं वाचून तपासू नका. हेडफोन घालून, वेग थोडा कमी करून, ओळ न् ओळ ऐकत बघा. मी फक्त क्रियापदांसाठी एक वेगळी फेरी करते. कमांड देऊन चालवत असाल तर सुरुवातीच्या सूचनेत गावांची नावं आणि बोलीतली चारदोन वाक्यं घाला. थोडा फरक पडतो, भरवसा नको.

टाळ्या किंवा शांतता लांबली की व्हिस्पर कधीकधी नसलेलं वाक्य घालतं, नाहीतर एकच ओळ पाचदा लिहितं. तशा जागा ऑडासिटीत आधीच कापा.

मजकूर युनिकोडमध्ये मिळतो. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरला तो चालत नाही, म्हणून जुन्या पद्धतीनं स्मरणिका लावणाऱ्यांना फाँट बदलून द्यावा लागतो. बदलल्यावर ‘ऱ्या’, ‘ळ्ळ’ आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला. मूळ रेकॉर्डिंग पुसू नका. फाइलच्या नावात गाव आणि तारीख घाला, आणि एक प्रत बोलणाऱ्याच्या घरी द्या. उचगावच्या आज्जींची मी नातवाच्या फोनवर घालून दिली.