कॅलिपरची पिन जाम झाली? हातोडा उचलण्याआधी या चुका टाळा

पावसाळा ओसरला की ठाण्या-नवी मुंबईतल्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते. गाडी जड चालते, ॲव्हरेज पडलंय, पुढच्या एका चाकातून जळका वास येतो. मेकॅनिक चाक खोलतो, झिजलेले पॅड दाखवतो, नवे टाकतो. काही महिन्यांत त्याच चाकाचे पॅड पुन्हा संपतात, कारण दोष पॅडचा नव्हताच.

बहुतेक गाड्यांना पुढे फ्लोटिंग कॅलिपर असतो, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा सरकता भाग. त्याचा पिस्टन फक्त आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोरावर अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून आत सरकून बाहेरचा पॅडही डिस्कला टेकवतो. या पिना रबरी बुटात झाकलेल्या असतात. बूट फाटला की पाणी आणि चिखल आत, मग गंज. खाडीकाठची दमट हवा आणि शनिवार-रविवारीच बाहेर निघणारी गाडी असेल तर हे लवकर होतं.

पहिली चूक निदानातच होते. चाक गरम झालं की थेट पिनेवर आळ घेऊ नका. दोन्ही पॅड काढून शेजारी शेजारी धरा. आतला पातळ आणि बाहेरचा जवळपास नवा असेल, किंवा एकच पॅड तिरका, पाचरीसारखा झिजला असेल, तर पिनेवर संशय घ्यायला जागा आहे. आतलाच पॅड झिजणं हे अडकलेल्या पिस्टनचंही लक्षण असतं, म्हणून पॅड काढल्यावर कॅलिपर हाताने पिनांवर पुढेमागे सरकवून बघा. तो सहज सरकत असेल तर पिना निर्दोष. मग पिस्टन, आतून फुगलेला ब्रेक होझ (ब्रेक ऑइलची रबरी नळी) किंवा ब्रॅकेटच्या (पॅड आणि पिना धरणाऱ्या चौकटीच्या) खाचेत गंजाने अडकलेला पॅड यांच्याकडे वळा. शेवटची गोष्ट फार जण विसरतात. पिना चकाचक करून पॅडच्या खाचा तशाच गंजलेल्या ठेवल्या, तर केलेली मेहनत पाण्यात.

गाडी उचलण्याबद्दल एकच सांगतो. बऱ्याच सोसायट्यांच्या पोडियम पार्किंगला जमीन उताराची असते. सपाट जागा शोधा, मागच्या चाकांना ओट, म्हणजे घरंगळू नयेत म्हणून अडसर, लावा आणि गाडीखाली घोडी (जॅक स्टँड) लावल्याशिवाय चाक काढू नका. नुसत्या जॅकवर काम करणाऱ्याला मी तरी मदत करणार नाही.

आता मुख्य काम. कॅलिपरचा बोल्ट सोडवताना पिन सोबत फिरते. तिच्या डोक्याच्या सपाट बाजूला दुसरा पाना लावून ती धरून ठेवा. कॅलिपर सुटला की तारेने सस्पेन्शनला टांगा. ब्रेक होझवर लोंबकळत सोडला तर होझ आतून दुखावतो आणि ते बाहेरून दिसतही नाही.

पिन निघत नाही म्हटल्यावर माणसाचा पहिला विचार ओढायचा. तसं करू नका, आधी फिरवा. पाना लावून थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे, पुन्हा उजवीकडे. सुरुवातीला केसभरही हलत नाही, मग बारीक ‘कर्र’ आवाज येतो, आणि बुटाच्या कडेने तांबूस भुकटी बाहेर पडते. ही भुकटी दिसली की समजा काम मार्गी लागलं. नाही हलली तर बुटाची कड उचलून गंज सोडवणाऱ्या पेनेट्रेटिंग ऑइलचे दोन थेंब सोडा आणि रात्रभर तशीच राहू द्या. ते तेल रबराला घातक असतं, म्हणून नंतर बूट बदलायचाच. पकडीने पिनेचा गुळगुळीत भाग आवळलात तर त्यावर दात उमटतात, आणि ती पिन फेकण्याच्या लायकीची उरते. गॅस टॉर्च तर गाडीवर अजिबात नको. रबर आणि ब्रेक ऑइल दोन्ही जवळच असतं. इतकं करूनही पिन ढिम्म असेल तर ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट काढा आणि ब्रॅकेट घेऊन मेकॅनिककडे जा. त्यात काही कमीपणा नाही.

निघालेली पिन ब्रेक क्लीनरने पुसा. भोकातलं जुनं ग्रीस आणि गंज गोल ब्रशने काढा. वरवरचा डाग बारीक पॉलिश पेपरने जातो. खड्डे पडले असतील तर नवी पिन घ्या. जाड पेपरने घासत बसलात तर वरचा लेप जातो आणि पुढच्या पावसात गंज आणखी वेगाने परततो.

सगळ्यात महागात पडणारी चूक ग्रीसची. घरात डबा पडलेला असतो म्हणून चेसिस ग्रीस किंवा बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं जातं. ते पेट्रोलियमचं. त्याने बूट आणि काही पिनांच्या टोकाची रबरी बाही फुगते आणि पिन पुन्हा घट्ट बसते, तीही गंजाशिवाय. रबराला चालणारं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ब्रेक ग्रीसच घ्या, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. आणि पातळ थर पुरे. भोक एका बाजूने बंद असतं. जास्त ग्रीस भरलं की आत हवा दाबली जाते आणि पिन स्प्रिंग असल्यासारखी बाहेर येते. पिन आत ढकलून हात सोडा. मागे सरकली तर बुटाची कड बोटाने किंचित उचला, हवा ‘फुस्स’ करून निघून जाते.

वरच्या आणि खालच्या पिना बहुधा वेगळ्या असतात. काढतानाच खूण करा. अदलाबदल झाली तर दोन्ही नीट लावूनही कॅलिपर अडतो.

पॅड परत बसवण्यासाठी पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइलच्या डब्याकडे लक्ष असू द्या. तुडुंब भरला असेल तर ऑइल वर येऊन बाहेर सांडतं आणि पेंट उडतो. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळा. गाडी हलवण्याआधी ब्रेक पेडल कडक होईपर्यंत मारा; पहिल्या दाबाला ते सरळ खाली जातं, आणि तेव्हा समोर वॉचमनची केबिन असू नये. मग पार्किंगमध्येच हळू वेगाने दोन-चारदा ब्रेक तपासा. घोडबंदर रोडवरचा गायमुखचा घाट त्यानंतर.

एका बाजूचं काम झालं तरी दुसऱ्या बाजूच्या पिना उघडून बघाच, त्यांनीही तेच पाणी प्यायलेलं असतं. डिस्क ब्रेकवाल्या बऱ्याच बाइक-स्कूटरच्या कॅलिपरलाही अशाच सरकत्या पिना असतात, फक्त बारीक.