जुन्या फोर्ड ट्रकला एमएएफ सेन्सर बसवताना इंजिनाचा कंप्युटर कसा निवडावा

१९८७ ते १९९५ या काळातील व्ही-८ इंजिनाचे बहुतेक फोर्ड एफ-१५० आणि ब्रॉन्को ‘स्पीड डेन्सिटी’ पद्धतीवर चालतात. या पद्धतीत इंजिनात शिरणारी हवा प्रत्यक्ष मोजली जात नाही. मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतील) दाब, हवेचे तापमान आणि इंजिनाचे फेरे यांवरून कंप्युटर आपल्या आतल्या कोष्टकांच्या आधारे तिचा अंदाज बांधतो. इंजिन मूळ स्थितीत असेपर्यंत हा अंदाज उत्तम जुळतो. कॅमशाफ्ट किंवा सिलिंडर हेड बदलले की मात्र कोष्टक एक सांगते आणि इंजिन दुसरेच मागते, आणि म्हणूनच हवा थेट मोजणारा एमएएफ (मास एअर फ्लो) सेन्सर बसवण्याचा विचार पुढे येतो. जुन्या कंप्युटरला या सेन्सरचा सिग्नल वाचताच येत नसल्याने कंप्युटरही बदलावा लागतो.

इथेच पुष्कळांची फसगत होते. त्या काळातील फोर्डच्या ईईसी-४ कंप्युटरांना ६० पिनांचा एकाच घडणीचा कनेक्टर असतो, त्यामुळे फोर्डच्याच मस्टँग मोटारीचा कंप्युटर ट्रकच्या वायरिंगला सहज लागतो, मधला १० मिमीचा बोल्टही नीट आवळला जातो, आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात कोणत्या पिनेवर काय अपेक्षित आहे, हे प्रत्येक कंप्युटरगणिक बदलते.

माझ्या मते निवडीची सुरुवात इंजिनापासून न करता गिअरबॉक्सपासून करावी. १९८९ ते १९९३ च्या मस्टँगमधील ‘ए९एल’ हा कंप्युटर या कामासाठी सर्वांत प्रसिद्ध आहे, आणि ती प्रसिद्धी रास्तही आहे. परंतु तो मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी बनवलेला आहे. त्याचाच भाऊ म्हणावा असा ‘ए९पी’ हा एओडी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाड्यांतून येतो. एओडीचे गिअर तेलाच्या दाबावर बदलतात, त्यात कंप्युटरला काही करावे लागत नाही, म्हणून मॅन्युअल किंवा एओडी असलेल्या ट्रकला ही जोडी चालते. १९८९ पासून ट्रकांत आलेल्या ई४ओडी गिअरबॉक्सची गोष्ट वेगळी आहे. त्याचे सोलेनॉइड, म्हणजे गिअर बदलणाऱ्या विजेच्या झडपा, कंप्युटरच चालवतो, आणि ए९एल किंवा ए९पीमध्ये ती सोयच नाही. असा ट्रक असेल तर एक तर कारखान्यातूनच एमएएफ आणि ई४ओडी घेऊन आलेल्या ट्रकचा कंप्युटर शोधावा, नाही तर गिअरबॉक्ससाठी स्वतंत्र कंट्रोलर बसवावा. तिसरा मार्ग मला तरी विश्वासाचा वाटत नाही.

गिअरबॉक्सचा प्रश्न सुटला की फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याची पाळी, पाहावी. स्पीड डेन्सिटीचे ट्रक इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) गटागटाने उघडतात, तर मस्टँगचा कंप्युटर प्रत्येक इंजेक्टर त्या-त्या सिलिंडरच्या पाळीनुसार उघडतो, आणि त्याची पाळी १-३-७-२-६-५-४-८ अशी आहे. ५.८ लिटरच्या इंजिनाची पाळी हीच असल्याने तिथे अडचण नाही. ट्रकमधील मूळ ५.० लिटर इंजिनाची पाळी मात्र १-५-४-२-६-३-७-८ आहे. त्यावर ए९एल लावायचा असेल, तर ३ आणि ५ या इंजेक्टरांच्या तारा आपसांत बदलाव्या लागतात, तसेच ४ आणि ७ च्याही. दोन्ही ओळी कागदावर एकाखाली एक लिहून बघितल्या की हे लगेच पटते. इंजेक्टर एकेक करून चालवायचे म्हणजे गटाने जोडलेल्या जुन्या तारा सुट्या करून आठही इंजेक्टरांना स्वतंत्र तार ओढणे आलेच.

एकेक इंजेक्टर चालवणाऱ्या कंप्युटरला पहिला सिलिंडर ओळखता यावा म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या (सिलिंडरांना पाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) आतल्या चकतीचे एक पाते इतरांपेक्षा अरुंद असते. जुन्या ट्रकच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये सगळी पाती सारखीच असतात, त्यामुळे तोही बदलावा लागतो. ठिणगी सोडवणाऱ्या इग्निशन मॉड्यूलचा रंगही पाहावा: ए९एलला करड्या रंगाचे मॉड्यूल लागते, तर नंतरच्या ट्रकांत काळे आढळते, आणि ही दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत. शिवाय ट्रकला बहुधा एकच ऑक्सिजन सेन्सर असतो, तर मस्टँगच्या कंप्युटरला दोन्ही बाजूंच्या एक्झॉस्टमध्ये एकेक हवा असतो.

जुना कंप्युटर विकत घेताना लेबलावरील तीन-चार अक्षरांच्या मोठ्या कोडबरोबर भागाचा क्रमांकही वाचावा. मधले १२ए६५० म्हणजे इंजिन कंप्युटर. सुरुवातीचे ‘ई’ म्हणजे १९८० चे दशक, ‘एफ’ म्हणजे १९९० चे. त्यापुढचा अंक वर्षाचा, आणि तिसरे अक्षर ‘टी’ असेल तर तो ट्रकचा, ‘झेड’ असेल तर मस्टँगचा. एवढ्यावर न थांबता झाकण उघडून पाहण्याचा आग्रह धरावा. मी एकदा बाहेरून अगदी कोरा दिसणारा कंप्युटर घेतला आणि घरी उघडला, तर कपॅसिटरच्या पायांशी हिरवट डाग होता आणि शिळ्या मासळीसारखा वास येत होता. गळलेल्या द्रवाने बोर्डावरची तांब्याची एक बारीक रेघ खाऊन टाकली होती. कपॅसिटर नवे लावता येतात, पण रेघ तुटली की दुरुस्ती किचकट होते.

एमएएफ मीटर, म्हणजे हवा मोजणारा तोच सेन्सर, कंप्युटरशी जुळणारा हवा. ए९एलच्या कोष्टकात मस्टँगचा ५५ मिमी मीटर आणि ताशी १९ पौंड इंधन सोडणारे इंजेक्टर धरलेले आहेत. मोठ्या इंजेक्टरसाठी ‘कॅलिब्रेट’ केलेला मीटर हवा कमी दाखवून कंप्युटरला चकवतो. इंधन जुळते, पण इग्निशन टायमिंगही (ठिणगीची वेळ) हवेच्या त्याच आकड्यावर ठरत असल्याने ते बिघडते. त्यापेक्षा कंप्युटरच्या मागील जे-३ पोर्टवर चिप बसवून कोष्टकच बदलून घेणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

मॅनिफोल्डचा दाब मोजणारा जुना सेन्सर काढून टाकू नये. त्याची व्हॅक्यूमची नळी काढून मॅनिफोल्डकडील तोंड बंद करावे आणि सेन्सरचे तोंड उघडे ठेवावे, म्हणजे तोच सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब कंप्युटरला कळवतो. मीटरच्या पुढे थ्रॉटलपर्यंतची (हवेच्या मुख्य झडपेपर्यंतची) नळी हवाबंद असावी, आणि तेलाच्या झाकणाकडे जाणारी हवाही मीटरमधून गेलेलीच असावी.

कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत धुराच्या तपासणीला अशा बदलाची मान्यता लागते, ते कंप्युटर घेण्याआधीच पाहावे.

सगळे जोडून झाल्यावर इंजिन सुरू न करता, फक्त चावी फिरवून सेल्फ टेस्ट घ्यावी, म्हणजे कंप्युटर स्वतःची तपासणी करून निकाल कोडने सांगतो. कोड ११ आला तर या टप्प्यावर कंप्युटरला दोष सापडलेला नाही. २२ आला तर दाबाच्या सेन्सरची तोंडे आणि तारा पाहाव्यात, आणि पुढे इंजिन चालवल्यावर ६६ आला तर एमएएफचा सिग्नल पोहोचत नाही असे समजून मीटरपासून ६० पिनांच्या कनेक्टरपर्यंतची तार मल्टिमीटरने तपासावी.