ओलेइक ॲसिड तोडायचंय? आदल्या दिवशीची तयारी

ओलेइक ॲसिड म्हणजे ऑलिव्ह तेलात असतं ते अठरा कार्बनचं स्निग्धाम्ल. त्याच्या साखळीच्या मधोमध एक दुहेरी बंध असतो, तो उद्या हायड्रोजन पेरॉक्साइडने तोडायचाय. सगळ्यात आधी पेरॉक्साइडची बाटली फ्रिजमधून काढा आणि परमँगनेटने टायट्रेट करा, म्हणजे त्यात खरंच किती पेरॉक्साइड आहे ते मोजा. लेबल ३० टक्क्यांचं असलं तरी वर्षभर पडून राहिलेल्या बाटलीत तेवढं उरलेलं नसतं, आणि सगळा हिशेब याच आकड्यावर आहे. एक दुहेरी बंध पुरता तोडायला पेरॉक्साइडचे चार रेणू लागतात. ओलेइकचे नऊ-नऊ कार्बनचे दोन तुकडे होतात, ॲझेलाइक आणि पेलार्गोनिक ॲसिड. पेरॉक्साइडचं मात्र नुसतं पाणी होतं. मला ही अभिक्रिया आवडते ती यासाठीच. कारखान्यांत हे काम वर्षानुवर्षं ओझोनने होत आलंय.

तर २८.२ ग्रॅम ओलेइकला ३० टक्क्यांचं पेरॉक्साइड किमान ४५ ग्रॅम. थोडं वाया जातंच, म्हणून ५५ धरा. ओलेइकची आयोडीन व्हॅल्यू (दुहेरी बंध किती आहेत ते सांगणारा आकडा) ९० च्या बरीच वर आली तर त्यात लिनोलेइक हे दुसरं स्निग्धाम्ल मिसळलंय असं समजा. त्याला दोन दुहेरी बंध, त्यामुळे पेरॉक्साइडही दुप्पट लागतं.

उत्प्रेरक म्हणून टंगस्टिक ॲसिड पाव ग्रॅम, आणि त्याला पाण्यातून तेलात नेणाऱ्या ॲलिक्वॉट ३३६ चे काही थेंब. तेल-पाणी मिसळत नाही, तेव्हा स्टरर दणकट हवा.

आता काचसामान. ते ॲसिटोनने अजिबात विसळू नका. आम्ल, पेरॉक्साइड आणि ॲसिटोन एकत्र आले की स्फोटक पदार्थ तयार होतो. पाण्याने धुवा, ओव्हनमध्ये वाळवा. लोखंडी स्पॅच्युला आणि गंजका क्लॅम्प बाजूला ठेवा, कारण लोहाचा कणही पेरॉक्साइड फोडतो. १ मिलीमधून जवळजवळ १०० मिली ऑक्सिजन सुटतो, म्हणून कंडेन्सरला वरून बूच लावायचं नाही. उरलेलं पेरॉक्साइड मूळ बाटलीत परत ओतायचं नाही.

फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) रिकामा करून घ्या. गॉगल, हातमोजे, समोर शील्ड. पेरॉक्साइड थेंबाथेंबाने जाणार आणि तापमान ८०-९० अंशांवर राखायचं, म्हणून बर्फाचं तसराळं हाताशी असू द्या. ते शोधायला धावायची वेळ येऊ नये.

शेवटी लागणारं सामानही आजच काढा: उरलेलं पेरॉक्साइड मारायला सोडियम सल्फाइट, खात्रीला स्टार्च-आयोडाइड कागद, आणि भरपूर गरम पाणी. ॲझेलाइक त्यात उतरतं, पेलार्गोनिक वर तरंगत राहतं. पाणी गार झालं की स्फटिक खाली बसतात. गाळून उरलेल्या पाण्यात टंगस्टन असतं. ते सिंकमध्ये जाऊ नये म्हणून एका रिकाम्या बाटलीवर आत्ताच लेबल लावून ठेवा.